हिव उतरायच्या आत ओळखा: वावरात थंडीचा माग कसा ठेवायचा

फोनवर 'उद्या किमान ९ अंश' असं दिसतं, तेव्हा तो आकडा आपल्या वावराचा नसतो. तो जवळच्या शहराचा असतो, आणि तोही जमिनीपासून चार फुटांवर, सावलीत, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या पेटीतल्या थर्मामीटरचा. आपला हरभरा वीत-दीड वीत उंच, उघड्या आभाळाखाली उभा. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्या पेटीतल्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी सहज खाली जाते. म्हणून पेपरात ४ अंश छापून येतात त्या सकाळी नाल्याकाठच्या गवतावर पांढरा थर असू शकतो, आणि गावातल्या चौकात त्याचा कुणाला पत्ताही नसतो.

मी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल तालुक्यात शेती करते. वरच्या उतारावर संत्रा, मध्ये तूर आणि पऱ्हाटी (कपाशी), खाली नाल्याकडे काळ्या मातीत हरभरा. थंडीची वही ठेवते, त्यामुळे डिसेंबर लागला की गावातली पोरं संध्याकाळी फाटकाशी थांबून विचारतात, "काकू, आज हिव पडते का?" एका शब्दात उत्तर देण्यापेक्षा ते उत्तर स्वतः कसं काढायचं हे सांगितलेलं मला बरं वाटतं. कल फोनवरून कळतो, आकडा आपल्या थर्मामीटरवरून कळतो, आणि निर्णय संध्याकाळचं आभाळ बघून घ्यायचा. एकाचं काम दुसऱ्यावर टाकलं की फसगत होते.

थंडी निघते कुठून

सायबेरियाची थंडी हिमालय अडवतो. तो नसता तर आपल्या हिवाळ्याचं रूपच वेगळं असतं. आपल्याकडे येणारी कडक थंडी बहुतेक वेळा पश्चिमी झंझावाताच्या पाठीमागून येते. हे झंझावात भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण-अफगाणिस्तानावरून सरकत येतात आणि काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ पाडतात. टीव्हीवर शिमला-मनालीच्या बर्फाची दृश्यं लागली की लोक कौतुकाने बघतात. मी त्या दिवसाची तारीख वहीत लिहिते, कारण आपलं काम तिथून सुरू होतं.

झंझावात उत्तरेत असताना आपल्याकडे उलटंच घडतं. वारा पूर्वेचा किंवा आग्नेयेचा होतो, उंचावर पातळ पांढरे ढग येतात, चंद्राला खळं पडतं आणि रात्री उबदार होतात. ढग रात्री जमिनीची ऊब वर जाऊ देत नाहीत, म्हणून किमान तापमान १५-१६ वर चढतं. गावात सगळे म्हणतात, "गेली थंडी यंदाची." नेमक्या याच दिवशी सावध व्हायचं. झंझावात पुढे सरकला की वारा फिरून उत्तरेचा होतो. आमच्याकडे तो पांढुर्ण्याच्या बाजूने, सातपुडा उतरून येतो. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं, हवा कोरडी पडते, ओठ फुटायला लागतात. मग पारा उतरतो.

ही उतरण एका रात्रीत सगळीकडे होत नाही. आधी राजस्थानात चुरू-सीकरकडे, मग भोपाळ, बैतूल, छिंदवाडा, आणि त्यानंतर साधारण एक-दोन दिवसांत आपण. त्यामुळे मी नागपूरच्या आधी भोपाळ आणि बैतूलचा आकडा बघते. तिथे एका रात्रीत चार-पाच अंशांची घसरण झाली आणि आपल्याकडे वारा उत्तरेचा असला, तर मोटर, वायर, पाइप तपासून ठेवायची वेळ आली असं समजायचं.

आणखी एक गोष्ट बघून ठेवा: पाठोपाठ दुसरा झंझावात येतोय का. तो लगेच आला तर थंडीची लाट दोन-तीन दिवसांत मोडते. मध्ये मोठा खंड पडला तर ती आठवडाभरही मुक्काम ठोकते. आणि झंझावाताची थंड हवा वर असताना बंगालच्या उपसागरावरची ओल खाली विदर्भात घुसली, तर प्रकरण गारपिटीवर जातं. ११ फेब्रुवारी २०१८ ची गारपीट ज्यांच्या गव्हा-हरभऱ्यावर पडली त्यांना वेगळं सांगायला नको.

रोजचा तक्ता कसा वाचायचा

नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा तक्ता रोज सकाळी येतो. त्यात साडेआठच्या नोंदीप्रमाणे गेल्या चोवीस तासांतलं किमान तापमान असतं. अकोला, अमरावती, बुलढाणा, ब्रह्मपुरी, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, नागपूर, वर्धा, वाशीम, यवतमाळ अशी ठाणी दिसतात. लोक पहिला रकाना बघून फोन खिशात टाकतात. खरी माहिती बाजूच्या रकान्यात असते: सरासरीपेक्षा किती कमी, आणि कालपेक्षा किती फरक.

थंडीची लाट म्हणजे काय, याचा हवामान खात्याचा नियम ठरलेला आहे. मैदानी भागात किमान तापमान १० किंवा त्याखाली असायला हवं, आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी असायला हवं. ६.४ अंशांपेक्षा जास्त खाली गेलं तर तीव्र लाट. किंवा सरासरी काहीही असो, पारा ४ वर आला तर लाट आणि २ वर आला तर तीव्र लाट. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचं सरासरी किमान तापमान १२-१३ च्या आसपास असतं, म्हणजे ९ अंशांची सकाळ बोचरी असली तरी ती 'लाट' नाही. ८ च्या खाली गेलं की आपण त्या रेषेत शिरतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले होते. त्या वेळच्या पानापाशी मी वहीत अजून खूण ठेवली आहे, कारण त्या आधीच्या दिवसांतला वारा आणि आभाळ कसं होतं हे पुन्हा पुन्हा वाचण्यासारखं आहे.

जाहीर इशाऱ्याची मात्र वाट बघत बसू नका. लाट जाहीर करायला एका उपविभागातल्या निदान दोन ठाण्यांवर, सलग दोन दिवस तशी नोंद व्हावी लागते. अख्ख्या विदर्भासाठी ते बरोबरच आहे. पण तुमच्या खळग्यातल्या हरभऱ्याला पहिली रात्रच पुरते. पुढच्या दिवसांसाठीचा पिवळा किंवा नारिंगी रंग नकाशावर दिसला की तयारी सुरू करा.

गोंदियाचा आकडा अनेकदा सगळ्यांत खाली असतो आणि बातमीही त्याचीच होते. काटोल-नरखेडच्या माणसाने त्यावरून घाबरू नये आणि अकोल्याच्या आकड्यावरून निश्चिंतही होऊ नये. आपल्या जवळची, आपल्यासारखी जमीन असलेली दोन ठाणी निवडा आणि अख्खा हिवाळा तीच धरून राहा. मी नागपूर आणि अमरावती धरते. 'मेघदूत' ॲपवर जिल्ह्याचा, बऱ्याच ठिकाणी तालुक्याचाही पाच दिवसांचा अंदाज आणि मंगळवारी-शुक्रवारी पीक सल्ला मिळतो. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे सल्लेही बघावेत. दहा-पंधरा दिवसांपुढचा नेमका आकडा दाखवणारी ॲप असतात, त्यांच्याकडून फक्त 'उतार की चढ' एवढंच घ्या.

आपला थर्मामीटर

यावर मी सगळ्यांत जास्त भर देते. कमाल-किमान थर्मामीटर मिळतो, इंग्रजी यू अक्षरासारखी काचेची नळी असलेला. दोन्ही नळ्यांत बारीक काळे दर्शक असतात. पारा किंवा रंगीत द्रव त्यांना ढकलत नेतो आणि मागे सरला तरी दर्शक तिथेच अडकून राहतो. त्यामुळे पहाटे चारला उठून बघायची गरज नाही. सूर्य वर आल्यावर गेलात तरी रात्रीचा तळ तिथे लिहिलेला असतो. दर्शकाचं खालचं टोक वाचायचं, वरचं नाही. वाचून झालं की बटण दाबून दर्शक पुन्हा पाऱ्याला टेकवायचे. हे राहिलं तर दुसऱ्या दिवशी कालचाच आकडा वहीत जातो.

तो टांगायचा कुठे? घराच्या भिंतीला नको, भिंत रात्रभर ऊब सोडते. टिनाच्या छपराखालीही नको. वावरातल्या एका खांबाला, चार फुटांवर, उत्तरेकडे तोंड करून, वर पांढरा रंग दिलेल्या पाटीची सावली करून लावा. याने तुमचा आकडा हवामान ठाण्याच्या आकड्याशी ताडता येतो. दुसरा थर्मामीटर पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर, वावराच्या सगळ्यांत खोलगट कोपऱ्यात, उघड्यावर ठेवा. थंड हवा जड असते आणि रात्री ती पाण्यासारखी उताराने वाहत खाली जाऊन साचते. धुऱ्यावर (बांधावर) दाट कुंपण किंवा तुऱ्हाटीची, म्हणजे तुरीच्या काड्यांची, गंजी असेल तर ती तिथे अडते आणि मागे खोल होत जाते. आमच्याकडे नाल्याच्या बाजूला बोराटीची जाळी होती. तिच्यात बंडी जाईल एवढी फट पाडली, आणि तिथल्या हरभऱ्याच्या ओळी पुढच्या हिवाळ्यापासून बाकीच्यांसारख्याच राहू लागल्या.

वहीत सहा गोष्टी लिहा: नागपूरचं किमान, खांबावरचं किमान, खळग्यातलं किमान, रात्री दहाचं तापमान, वारा, आभाळ. महिनाभरात तुम्हाला तुमचा फरक कळायला लागेल. माझ्या वावरात निरभ्र, निवांत रात्री खळगा नागपूरच्या आकड्यापेक्षा साधारण चार अंश खाली असतो. वारा असला तर फरक जवळजवळ उरत नाही. हा फरक कुठलंही ॲप तुम्हाला देणार नाही, आणि शेजारच्या वावरात तो वेगळा असेल.

त्या संध्याकाळी

सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने चुलीच्या धुराकडे बघा. धूर सरळ वर जाऊन छपरांच्या वर आडवा पसरून थांबला, तर खाली थंड आणि वर उबदार हवेचा थर बसायला लागला आहे. दिवसभर उत्तरेचा वारा आणि दिवेलागणीला तो पडलेला, ही सगळ्यांत वाईट जोडी. रात्रभर वारा वाहत राहिला तर माणसाला जास्त झोंबतं, पण पिकाला धोका कमी, कारण हवा ढवळली जाते. हे मी पोरांना नेहमी सांगते: स्वतःच्या कुडकुडण्यावरून पिकाचा अंदाज बांधू नका.

मग दव बघा. आठ-नऊ वाजताच गवत ओलं लागत असेल तर हवेत ओल आहे. दव धरताना थोडी ऊब सुटते आणि पारा सावकाश उतरतो. अशा पहाटे धुवारी (धुकं) पडण्याची भीती जास्त, तुरीचा फुलोरा तिनेच गळतो. दहा वाजले तरी गवत कोरडं, तारे टपोरे, आणि पारा तासाला एक अंशाने घसरतोय, तर ती पहाट दवाळाची, म्हणजे पीक करपवणाऱ्या हिवाची, समजा. दहाचं तापमान आणि आधीच्या तशाच रात्रींची वहीतली घसरण, यावरून पहाटेचा आकडा अंश-दीड अंशाच्या आत काढता येतो. सगळ्यांत थंड वेळ मध्यरात्र नसते. ती सूर्योदयाच्या थोडी आधी किंवा अगदी लागून येते.

खळग्यात २-३ च्या खाली जाईल असं वाटलं तर हरभऱ्याला संध्याकाळी हलकं पाणी द्या. विहिरीचं पाणी त्या वेळी कोमट असतं आणि ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते. हलकंच द्या, काळ्या मातीत जास्त झालं की हरभरा उभळतो, उभ्याउभ्या सुकतो. तुषार संच रात्री लावला तर ऊन पडेपर्यंत बंद करू नका; मध्येच थांबवला तर ओली पानं सुकताना आणखी गारठतात. मोटरीची थ्री-फेज वीज दिवसा आहे की रात्री, हे आठवड्याच्या पाळीप्रमाणे आधीच बघून ठेवा. आणि रात्री वावरात एकट्याने जाऊ नका, रानडुकरं आणि बिबट दोन्ही त्याच वेळी फिरतात.

संत्र्याचं दुखणं वेगळं. अंबिया बहाराची फुलं यावीत म्हणून झाडं नेमकी याच दिवसांत ताणावर, म्हणजे पाणी तोडून, ठेवलेली असतात; पाणी दिलं की ताण मोडतो. तिथे मी धूर करते: ओला काडीकचरा, वाऱ्याच्या बाजूच्या धुऱ्यावर, पहाटे तीननंतर, आणि कुणीतरी जागं राहून. त्याचा उपयोग वारा पडलेल्या रात्रीच होतो. नवीन कलमांना तुऱ्हाटीचं किंवा गवताचं टोपरं, पूर्वेची बाजू उघडी ठेवून.

ढोरांच्या गोठ्याला उत्तरेकडून बारदाना लावा. म्हाताऱ्या माणसांना पहाटे अंधारात बाहेर पडू देऊ नका. आणि पेटती शेगडी दार-खिडक्या लावलेल्या खोलीत घेऊन कुणीही झोपू नका. कोळशाच्या त्या वायूला वास नाही, झोपेतच जीव जातो.

सकाळी पिकाचं नुकसान दिसलं तर करपलेले शेंडे लगेच छाटू नका, आठ-दहा दिवसांत खालून फूट कुठवर आहे ते कळतं. फळपीक विमा हवामानावर आधारित असतो, त्यात महसूल मंडळाच्या केंद्राचा आकडा धरतात, आपल्या थर्मामीटरचा नाही. ते केंद्र कुठे बसवलंय हे माहीत करून घ्या. गारपिटीची सूचना मात्र ७२ तासांच्या आत आपणच द्यायची असते.

समुद्राकाठचं हिमवादळ

माझा मुलगा-सून बोस्टनला असतात. तिथल्या हिमवादळाचा माग मी याच रीतीने ठेवते, आणि गावात आता दोन-तीन घरांतली लेकरं तिकडे असल्याने हेही लिहिते.

तिथेही थंडी एकटी बर्फ पाडत नाही. कॅनडात, क्यूबेकच्या बाजूला थंड हवेचा जास्त दाबाचा पट्टा बसलेला हवा, आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ, गल्फ स्ट्रीमच्या उबदार पाण्यावर कमी दाब तयार व्हायला हवा. तो कमी दाब किनाऱ्याला धरून ईशान्येकडे सरकतो आणि जमिनीवर ईशान्येचा वारा ओढतो, म्हणून त्याला 'नॉरईस्टर' म्हणतात. बोस्टनसाठी मी नकाशावर एक ठिकाण बघते: ४० अंश उत्तर, ७० अंश पश्चिम. वादळाचं केंद्र तिथून जवळून गेलं तर बोस्टनला भरपूर बर्फ. किनाऱ्याला फार चिकटून गेलं तर समुद्रावरची उबदार हवा आत येते आणि बर्फाऐवजी पाऊस पडतो. फार दूरून गेलं तर सगळं समुद्रातच पडतं.

पन्नास-शंभर किलोमीटरचा फरक किती महाग पडतो हे जानेवारी २०१५ मध्ये दिसलं. न्यूयॉर्क शहरात दोन फुटांच्या आसपास बर्फाचा अंदाज होता, भुयारी रेल्वेसुद्धा बंद केली. वादळ थोडं पूर्वेकडून गेलं आणि सेंट्रल पार्कात ९.८ इंच पडला. तिकडे बोस्टनला २४.६ इंच. वादळ खरं होतं, त्याची कड कुठे पडेल तेवढं चुकलं. म्हणून पाच-सात दिवस आधी कुणी इंचांत आकडा सांगितला तर मी मुलाला तो कळवत नाही. त्या वेळी 'पुढच्या सोमवारच्या आसपास काहीतरी आहे' इतकंच. हवामानाचा अंदाज काढणारी अमेरिकी आणि युरोपीय अशी दोन्ही संगणकी मॉडेलं तीन दिवस आधी एकाच वाटेवर आली तर किराणा आणि औषधं भरून ठेवायला सांगते. त्यांच्या नॅशनल वेदर सर्व्हिसचा 'वॉच' म्हणजे शक्यता, 'वॉर्निंग' म्हणजे आता येणारच. बर्फाच्या नकाशांसोबत 'कमीत कमी' आणि 'जास्तीत जास्त' असे दोन वेगळे नकाशे ते देतात. दोन्हींत फार अंतर असेल तर अंदाज अजून पक्का झालेला नाही. 'ब्लिझर्ड' हा शब्द ते बर्फाच्या जाडीवरून वापरत नाहीत: ताशी ३५ मैलांचा वारा आणि पाव मैलापेक्षा कमी दिसणं, असं सलग तीन तास राहिलं तर.

हिवाळ्यात बोस्टन आपल्या साडेदहा तास मागे असतं. त्यांच्या रात्री नऊला आपली पुढची सकाळ साडेसातची, वावरातून आकडे लिहून आल्यावर मी फोन करते. वादळाच्या आदल्या रात्री तीन गोष्टी विचारते: फोन भरलेत का, पांघरुणं एका खोलीत काढून ठेवलीत का, आणि घर तापवणाऱ्या यंत्राची हवा बाहेर सोडणारी नळी कुठे आहे हे सुनेला ठाऊक आहे का. बर्फाने ती नळी बुजली की आपल्या शेगडीचाच तो वायू घरात भरतो. गाडीचंही तसंच: आधी मागच्या धुराच्या नळीभोवतीचा बर्फ फावड्याने काढायचा, मगच गाडी सुरू करायची, आणि लेकराला तोवर आत बसवायचं नाही.